राज्यशास्त्र घेतलंय, मग आता एमपीएससीच ना?

बीएचा निकाल लागला की आमच्या परभणीकडच्या पोरापोरींचे फोन सुरू होतात. 'ताई, राज्यशास्त्र घेतलंय, आता एमपीएससीच ना?' यंदाही असे चार फोन आले, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

एमपीएससी जरूर करा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता यूपीएससीसारखी वर्णनात्मक झाली आहे. वैकल्पिक विषयाचे दोन पेपर, मिळून ५०० गुण. तीन वर्षं राज्यघटना आणि पंचायत राज मन लावून वाचलं असेल तर ते इथं कामी येतं. फक्त संभाजीनगरच्या नाहीतर पुण्याच्या अभ्यासिकेत जाऊन बसण्याआधी किती वर्षं द्यायची ते घरात बसून ठरवा. सोयाबीनच्या पैशातून मेस आणि खोलीभाडं भरणाऱ्या बापाला तो आकडा माहीत असायला हवा.

प्राध्यापकीचं विचाराल तर मी एमए केलं, सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पास झाले आणि सहा वर्षं सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवलं. तासावर मानधन, तेही मार्च उलटून गेल्यावर. कायम जागेचं विचारलं तेव्हा सांगितलेला आकडा ऐकून वडील म्हणाले, 'दोन एकर विकले तरी भागायचं नाही, बाई.' मला शिकवायला फार आवडायचं, अजूनही आवडतं. तुम्हाला तशी ओढ असेल तर सेट-नेट कराच, पण पोटापाण्याची दुसरी वाट हाताशी ठेवून.

माझी ती वाट वकिलीची निघाली. पदवीनंतर सीईटी देऊन तीन वर्षांची एलएलबी करता येते, कुठल्याही शाखेतून. पण आपल्या भागात राज्यशास्त्र शिकलेल्याला तिथं बळ मिळतं, हे मी रोज बघते. मराठवाड्यातली जमिनीची प्रकरणं निराळी. आपला कूळकायदा हैदराबाद राज्याचा, १९५० चा. पश्चिम महाराष्ट्राचा वेगळा, विदर्भाचा वेगळा. बांधाच्या भांडणात १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदींचा कागद, काढावं लागतं, इनाम जमीन असेल तर त्याही मागं जावं लागतं. मुक्तिसंग्रामावर आपण परीक्षेत टीप लिहितो आणि विसरतो. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राज्य बदललं म्हणजे शेतकऱ्याच्या कागदावर नेमकं काय बदललं, हे मला कोर्टात उभं राहिल्यावर कळलं. वर्गात कुणी असं शिकवलं असतं तर!

असे जुने कागद वाचता यावेत म्हणून मोडी शिका, जमलं तर उर्दूही. २०२३ मध्ये मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी मराठवाड्यातल्या निजामकालीन नोंदी तपासायला घेतल्या, तेव्हा या लिप्या वाचणारी माणसं शोधावी लागली. पुराभिलेख संचालनालय मोडीचं प्रशिक्षण देतं.

ग्रामविकासात यायचं असेल तर तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं केंद्र आहे, १९८६ पासून. आपल्या दाराशी असूनही त्याचं नाव न ऐकलेली पोरं भेटतात तेव्हा जीव तुटतो. पंचविशीच्या आतल्या पदवीधरांसाठी लॅम्प फेलोशिप आहे, त्यात एका खासदारासोबत राहून संसदेच्या कामासाठी संशोधन करायला मिळतं. तिला इंग्रजी लागतं, हे खरं. रोज एका विधेयकाची दोन पानं वाचा, शब्द अडले तर अडू द्या. आमच्या पोरी हुशारीत कुठंच कमी नाहीत, त्यांना अर्ज भरायला कुणी सांगितलेलंच नसतं.

तर या महिन्यात एक काम करा. आपल्या ग्रामपंचायतीत जा आणि यंदाचा गावाचा विकास आराखडा मागा. पंचायतींना अधिकार देणाऱ्या ७३ व्या घटनादुरुस्तीवर दहा मार्कांचं उत्तर लिहिलंत ना, ती दुरुस्ती त्या कागदात सापडते का बघा. कागद दिला नाही तर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि तो कागद समोर घेऊन मला फोन करा, रविवारी दुपारनंतर मी घरीच असते.