फळमाशीच्या अंड्याला ब्रह्ममुहूर्त कळत नाही

भाचीला तिसरा महिना चालू आहे. तिच्या सासरच्या ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड आला. तो तिने मला पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, गोळ्या बंद करू का?" एरवी असल्या फॉरवर्डकडे मी बघतही नाही. हा मात्र नीट वाचला. लिहिणाऱ्याने कुठेतरी खरं संशोधन चाळलेलं दिसतं. शुद्ध थाप लगेच ओळखू येते, ही अर्धीकच्ची माहिती चारचौघांत खपून जाते.

"प्रत्येक गर्भवती मातेने वाचावे" अशा मथळ्याखाली म्हटलंय ते थोडक्यात असं. अमेरिकन शास्त्रज्ञांनी फळमाशीवर सिद्ध केलं की मेंदूची जनुकं ठरलेल्या वेळी 'ऑन' होतात. त्यांना २०१७ चं नोबेल मिळालं. ती वेळ म्हणजे पहाटे ४ ते ६, आपला ब्रह्ममुहूर्त. आईने त्या वेळी विशिष्ट ध्वनी ऐकला नाही, तर त्या दिवशीचं जनुक 'मिस' होतं, पुढची साखळी थांबते आणि मूल मंद होतं. माशी आणि माणूस ७५ टक्के सारखे, म्हणून हे माणसालाही लागू. रासायनिक गोळ्या, त्यातही फोलिक ॲसिड, 'हंचबॅक' नावाचं पहिलं जनुक बंद पाडतात. सोनोग्राफीने लय बिघडते. पाश्चात्त्यांनी हे दडवून ठेवलं. शेवटी एका ऑनलाइन कोर्सची लिंक आणि 'जागा मर्यादित'.

गोळ्यांपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या मुद्द्यांनी फार तर झोपमोड होईल, या एका मुद्द्याने नुकसान होईल.

हंचबॅक हे जनुक खरं आहे. फळमाशीच्या गर्भात न्यूरोब्लास्ट नावाच्या पेशी असतात. त्या विभागत जातात आणि त्यांच्यापासून चेतापेशी तयार होतात. यातल्या बहुतेक न्यूरोब्लास्टमध्ये आधी हंचबॅक चालू असतं, मग क्रुपेल, मग पीडीएम, मग कॅस्टर. फॉरवर्डमधला हा भाग बरोबर आहे. पण फोलिक ॲसिडचा आणि या जनुकाचा संबंध लिहिणाऱ्याने स्वतःच्या मनाने जोडलाय. प्रयोगशाळेत या माश्या कशावर वाढवतात ते एकदा बघा. मक्याचं पीठ, साखर, अगर-अगर (चायना ग्रास) आणि भरपूर यीस्ट शिजवून ते काचेच्या नळीत ओततात, घट्ट झालं की माश्या त्यावरच जगतात, त्यावरच अंडी घालतात. यीस्टमध्ये फोलेट, म्हणजे फोलिक ॲसिडचंच नैसर्गिक रूप, ठासून भरलेलं असतं, आणि माशीला तर ते स्वतःच्या शरीरात बनवताच येत नाही, खाण्यातून किंवा पोटातल्या जिवाणूंकडून मिळवावं लागतं. म्हणजे ज्या माश्यांवर हंचबॅकचा शोध लागला, त्या पिढ्यान् पिढ्या फोलेट खाऊनच वाढल्या होत्या. फोलेटने हंचबॅक बंद पडत असतं, तर या संशोधनात बघायला काही उरलंच नसतं.

आता माणसाकडे येऊ. गर्भाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया असलेली चेतानलिका गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांच्या आत मिटते. अनेकींना तोवर आपण गरोदर आहोत हेही कळलेलं नसतं. ती नीट मिटली नाही तर बाळाच्या पाठीच्या कण्यात किंवा डोक्यात गंभीर व्यंग राहतं. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ७ देशांतल्या ३३ केंद्रांमध्ये याची चाचणी घेतली आणि निष्कर्ष १९९१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले. आधीच्या बाळाला असं व्यंग असलेल्या स्त्रियांना पुढच्या गर्भधारणेच्या आधीपासून फोलिक ॲसिड दिलं, तर ते व्यंग पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. फायदा इतका उघड होता की चाचणी वेळेआधीच थांबवली. गरोदरपणात मेंदूच्या बाबतीत घड्याळाकडे बघून करावी अशी एखादी गोष्ट असेल, तर ती ही, आणि फॉरवर्ड नेमकी तीच बंद करायला सांगतो.

तिसऱ्या महिन्यात चेतानलिका केव्हाच मिटलेली असते, मग आता गोळ्या कशाला, असं कुणी म्हणेल. रक्तासाठी. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात दुसऱ्या तिमाहीपासून १८० दिवस रोज एक गोळी देतात, तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं, कारण गरोदरपणातला ॲनिमिया आपल्याकडे घरोघरी आहे. गोळ्यांबद्दल शंका असेल तर डॉक्टरांना विचारा, नाहीतर गावातल्या आशाताईंना विचारा. ग्रुपवर विचारू नका.

आता नोबेल. २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना मिळालं, तेही फळमाशीवरच्या कामासाठी. इथवर ठीक. पण ते काम दिवस-रात्रीच्या लयीवरचं होतं. 'पीरियड' या जनुकापासून तयार होणारं प्रथिन पेशीत रात्रभर साठत जातं, पुरेसं साठलं की स्वतःच्याच जनुकाला दाबतं, मग हळूहळू नष्ट होतं. हे चक्र साधारण २४ तासांचं. झोप-जाग त्यावर चालते. गर्भाच्या मज्जासंस्थेत हंचबॅकनंतर क्रुपेल येणं हे वेगळंच प्रकरण आहे. हंचबॅक आणि क्रुपेल ही नावं १९८० साली क्रिस्टियाने न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक व्हिशाउस यांनी जर्मनीत हायडेलबर्गला केलेल्या कामातून प्रसिद्धीला आली. त्यांना एडवर्ड लुईस यांच्यासोबत नोबेल मिळालं ते १९९५ चं. फॉरवर्डवाल्याने दोन नोबेलं एका पिशवीत कोंबली आणि वर ब्रह्ममुहूर्ताची गाठ मारली.

एक गोष्ट नाइलाजाने कबूल करतो, नाहीतर कुणीतरी मलाच ती ऐकवेल. पहाटेचा आणि फळमाशीचा संबंध आहे. कोषातून माशी बाहेर पडते ती बहुधा पहाटेच्या सुमारास. रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर यांनी १९७१ मध्ये ही वेळ चुकवणाऱ्या माश्या वेचून काढल्या, काही १९ तासांच्या लयीवर चालणाऱ्या, काही २८ तासांच्या, काहींना लयच नाही, आणि त्यातूनच पीरियड जनुक सापडलं. पण कोषातून बाहेर पडणारी माशी पूर्ण वाढलेली असते, तिचा मेंदू तयार झालेला असतो. त्या पहाटेचा गर्भाशी काय संबंध?

'ठरलेली वेळ' या मुद्द्यावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण गोंधळाचं मूळ तिथे आहे. २५ अंश तापमानाला फळमाशीच्या अंड्यातून साधारण २४ तासांत अळी बाहेर येते. १८ अंशाला ठेवलं तर जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. हंचबॅक ते कॅस्टर ही रांग त्यातल्या काही तासांत उरकते. थंडीत ती रेंगाळते, उबेत भराभर सरकते, आणि अंडं सकाळी घातलंय की रात्री, याने तिला फरक पडत नाही. पंगत बाराला बसो की तीनला, मीठ-लिंबू आधी, वरणभात मग आणि ताक शेवटी, तसा हा मामला आहे. यातली 'वेळ' म्हणजे क्रम.

हा क्रम कोण ठरवतं? अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठात क्रिस डो यांच्या प्रयोगशाळेने २००१ मध्ये 'सेल' या नियतकालिकात तो मांडला. पुढे २००५ मध्ये त्याच प्रयोगशाळेने न्यूरोब्लास्ट गर्भातून काढून एकेकटे बशीत वाढवले. शेजारी पेशी नाहीत, गर्भ नाही. तरीही प्रत्येक पेशीने तोच क्रम पाळला. रांग पेशीच्या आतच ठरलेली असते. बाहेरून ध्वनी ऐकवून जनुक 'ऑन' करण्याची कल्पना या एका प्रयोगापुढे टिकत नाही. आणि आईचं म्हणाल, तर फळमाशीची आई पिकलेल्या केळ्यावर अंडं टाकते आणि उडून जाते. अंड्यात तिने काही प्रथिनांचे आराखडे आधीच भरून ठेवलेले असतात, डोकं कुठल्या टोकाला हे त्यावरून ठरतं, तेवढं तिचं श्रेय. त्यानंतर तिने ब्रह्ममुहूर्तावर काय ऐकलं हे अंड्याला कळायला मार्ग नाही. आईने काय ऐकावं याचा पुरावा म्हणून ज्या प्राण्यात आई जवळ नसतेच तो निवडावा, याला काय म्हणायचं!

'एक जनुक मिस झालं की साखळी थांबते' हे तर सरळ उलटं आहे. माशीत ७-१ नावाचा एक न्यूरोब्लास्ट आहे. तो एकामागून एक स्नायू हलवणाऱ्या पाच चेतापेशी घडवतो, त्यांना यू१ ते यू५ म्हणतात. हंचबॅक चालू असताना यू१ आणि यू२, क्रुपेलच्या वेळी यू३, पुढच्या दोन त्यानंतर. हंचबॅक काढून टाकलं तर पहिल्या दोन गळतात, पण रांग पुढे सरकते आणि नंतरच्या पेशी तयार होतात. क्रुपेल काढलं तर यू३ जाते. हंचबॅक बंदच होऊ दिलं नाही, तर यू१ सारख्या पेशींची भरताड होते. आणखी गंमत म्हणजे बंद झालेलं हंचबॅक थोडं उशिरा पुन्हा चालू केलं, तरी न्यूरोब्लास्ट मागे फिरून सुरुवातीच्या पेशी घडवू शकतो. काही विभागण्यांनंतर मात्र ते दार लागतं. म्हणजे चूक झाली तर काय बिघडतं आणि कितपत सावरता येतं, हे एकेका पेशीपर्यंत मोजलेलं आहे. 'एक दिवस चुकला की मूल मंद' असं कुणी कधी दाखवलेलं नाही. माशीतही नाही.

७५ टक्क्यांचं गणित बहुतेक लोक चुकीचं सांगतात, त्यामुळे त्याबद्दल फार बोलत नाही. माणसाच्या आजारांशी संबंधित जनुकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जनुकांचे भाऊबंद माशीत सापडतात, एवढाच त्याचा अर्थ. इथेही थोडं देणं लागतो. हंचबॅकचा नातेवाईक असलेलं इकारोस हे जनुक उंदराच्या दृष्टिपटलात सुरुवातीच्या चेतापेशी घडवायला मदत करतं, हे २००८ मध्ये माँट्रियलच्या मिशेल कायूएट यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं. म्हणजे क्रमाचं तत्त्व सस्तन प्राण्यांतही आहे. पण त्यावरून आईचं वेळापत्रक निघत नाही.

सोनोग्राफीबद्दल एवढंच: १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यानची तपासणी असते ती कण्यातली, डोक्यातली अशी व्यंगं वेळेत दिसावीत म्हणून. ती चुकवू नका. गाणी-श्लोक ऐकायचे तर खुशाल ऐका, मन रमत असेल तर चांगलंच आहे. पण पहाटे चारला गजर लावून झोप मोडायची गरज नाही.

राहिलं 'दडवून ठेवलं'. फळमाशीच्या मेंदूवर मुंबईतच, कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, ओबेद सिद्दिकी आणि वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी वर्षानुवर्षं काम केलं, तेही दार उघडं ठेवून. आणि फ्लायबेस नावाची वेबसाइट आहे. तिथे हंचबॅक शोधा. हे जनुक कुणी शोधलं, ते गर्भात कुठल्या टप्प्यावर कुठे दिसतं, त्यावर कोणकोणते निबंध छापले गेले, सगळी यादी समोर येते. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि जागाही मर्यादित नाहीत.