पीपीटी आली, व्हिडिओ घरीच राहिला

आमच्या लातूर-धाराशिव भागातल्या शिक्षकांच्या गटांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो आठवडाभरात चार गटांतून आला. त्यात म्हटलंय: संगणक बदलला की पीपीटीतले (पॉवरपॉइंटमध्ये केलेल्या स्लाइडच्या फाइलमधले) व्हिडिओ करप्ट होतात, ते चालावेत म्हणून नव्या संगणकात व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर टाका, व्हिडिओच्या फाइलला मराठी नाव देऊ नका, एवढं करूनही चालला नाही तर ती पीपीटी गेली समजा आणि नव्यानं बनवा, आणि कायमचा उपाय म्हणजे पीपीटीत व्हिडिओ घालूच नका, यूट्यूबची लिंक द्या.

एरवी मी हे सोडून दिलं असतं. पण सप्टेंबर जवळ आलाय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, आणि आमच्याकडे शाळेत मुलांना ती रात्र आजही सांगितली जाते. हल्ली काही शिक्षक गावातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी फोनवर घेतात आणि पीपीटीत घालतात. आदल्या रात्री गणपती बोळवून गाव झोपलं होतं, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि ढिगाऱ्याखालून निघालेल्या आजीच्या तोंडून ऐकणं वेगळं. हे व्हिडिओ दुसऱ्यांदा घेता येतीलच असं नाही. म्हणून या मेसेजला उत्तर द्यायचं ठरवलं.

सुरुवात ‘करप्ट होतात’ या शब्दापासून. पॉवरपॉइंटमध्ये व्हिडिओ दोन तऱ्हांनी बसतो. एका तऱ्हेत अख्खा व्हिडिओ पीपीटीच्या पोटात जातो. दुसऱ्या तऱ्हेत पीपीटीत फक्त त्याचा पत्ता लिहिला जातो: सी ड्राइव्ह, त्यात यूजर्स, त्यात तुमच्या नावाचं फोल्डर, त्यात डेस्कटॉप, त्यात अमुक फाइल. यालाच लिंक म्हणतात. तुम्ही पीपीटी पेनड्राइव्हवर घेऊन केंद्रशाळेत गेलात. तिथल्या संगणकावर तुमच्या नावाचं फोल्डरच नाही. पॉवरपॉइंट लिहिलेल्या पत्त्यावर जातो, तिथं काही सापडत नाही, आणि ‘मीडिया नॉट फाउंड’ म्हणतो. भूकंपानंतर आपल्याकडची गावं नव्या जागी वसली. जुन्या गावठाणात जाऊन कुणी एखाद्याचं घर शोधलं तर ते सापडणार नाही, पण म्हणून तो माणूस नाहीसा झालेला नसतो. तुमचा व्हिडिओही घरच्या संगणकावर धडधाकट असतो.

फसगत होते ती चित्रामुळे. स्लाइडवर व्हिडिओचं एक स्थिर चित्र दिसतं, ते मात्र पीपीटीच्या आतच साठवलेलं असतं. दुसऱ्या संगणकावर आजीचा चेहरा दिसतो, म्हणून आपण समजतो की व्हिडिओ आलाय आणि वाटेत बिघडलाय. खरं काय ते फाइलचा आकार सांगतो. व्हिडिओ ६० एमबीचा आणि पीपीटी ३ एमबीची असेल, तर तो व्हिडिओ तिच्या पोटात असणं शक्य नाही.

हा मुद्दा मी ताणतोय, कारण यातूनच नुकसान होतं. औसा तालुक्यातल्या एका मॅडमनी गेल्या वर्षी दोन आजींच्या आठवणी घेतल्या होत्या. पीपीटी तयार झाली, लॅपटॉपवर चालली. फोन भरला होता, म्हणून त्यांनी फोनमधले मूळ व्हिडिओ काढून टाकले. ‘पीपीटीत आहेत की सर,’ असं त्या मला म्हणाल्या. मग लॅपटॉप बदलला, जुना फॉरमॅट करून भाच्याला दिला. ३० सप्टेंबरला शाळेत स्लाइड उघडली तर मुलांपुढे चेहरे आले, आवाज नाही. नंतर त्या पीपीटी घेऊन माझ्याकडे आल्या. एक व्हिडिओ पोटात घातलेला निघाला; फाइल उतरवताना काहीतरी बिघडलं होतं, पण तो बाहेर काढता आला. दुसरा नुसता पत्ता होता. तो गेला. ‘करप्ट होतात’ म्हणणारा मेसेज हा फरकच पुसून टाकतो, आणि मग माणूस मूळ फाइल जपायच्या ऐवजी संगणकाला दोष देत बसतो.

आता व्हीएलसी. व्हीएलसी चांगला प्लेअर आहे, माझ्याही संगणकात आहे. पण तो स्वतःचे कोडेक, म्हणजे व्हिडिओ वाचून दाखवणारे छोटे प्रोग्रॅम, स्वतःच्याच पोटात बाळगतो. ते पॉवरपॉइंटच्या उपयोगाला येत नाहीत. पॉवरपॉइंट विंडोजमधले कोडेक वापरतो. त्यामुळे व्हीएलसी टाकल्यावर व्हिडिओ व्हीएलसीत चालेल, स्लाइडवर तसाच बंद राहील. कोडेकची अडचण खरोखर असते, पण ती वेगळी. ‘मीडिया नॉट फाउंड’ आलं तर फाइल सापडलेली नाही. ‘कोडेक अनअव्हेलेबल’ आलं, किंवा आवाज येतोय आणि पडदा काळा आहे, तर फाइल सापडलीय पण वाचता येत नाही. हल्लीचे बरेच फोन जागा वाचवायला एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५ पद्धतीनं व्हिडिओ घेतात आणि प्रत्येक विंडोजमध्ये त्याची सोय नसते. त्यावर उपाय म्हणजे व्हिडिओ एच.२६४ चित्र आणि एएसी आवाज असलेल्या एमपी४ मध्ये बदलून घेणं. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर हे काम करतं. ही अडचण पोटातल्या व्हिडिओलाही येते, म्हणून पडद्यावर नक्की काय लिहून आलंय ते वाचल्याशिवाय काहीही बसवू नका.

मराठी नावाबद्दल मला खरंच वाईट वाटलं. विंडोज युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या सामावणाऱ्या पद्धतीत, नावं ठेवतं; ‘सखुआजी आठवण’ हे नाव त्याला ‘व्हिडिओ १’ इतकंच समजतं. माझ्या सगळ्या फाइली मराठी नावांच्या आहेत आणि वर्षानुवर्षं चालताहेत. नावामुळे लिंक तुटते ती ते नाव वाटेत बदललं तर, मग भाषा कुठलीही असो. आणि आपल्याकडे ते रोज बदलतं, कारण आपण सगळं व्हॉट्सॲपवरून पाठवतो. व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो, आणि पलीकडे व्हीआयडी, तारीख, डब्ल्यूए आणि एक क्रमांक अशा नावानं उतरतो. पीपीटी जुन्या नावानं शोधत राहते. तोच व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा: नावही तेच राहतं आणि चित्रही. जुन्या पद्धतीच्या झिपमधून (अनेक फाइली एकत्र बांधलेल्या फाइलमधून) मराठी नावं कधीकधी बिघडून निघतात, एवढं मात्र खरं.

झिपवरून आठवलं. पुष्कळ जण झिप उघडतात आणि आतल्याआत पीपीटीवर डबल क्लिक करतात. विंडोज तेवढी एकच फाइल तात्पुरत्या फोल्डरमध्ये काढतं. शेजारचा व्हिडिओ झिपमध्येच राहतो. आधी ‘एक्स्ट्रॅक्ट ऑल’ करा.

चौथं विधान सगळ्यात घातक: पीपीटी गेली समजा. मूळ व्हिडिओ कुठंही शिल्लक असेल तर काहीही गेलेलं नाही. तो व्हिडिओ पीपीटीच्याच फोल्डरमध्ये आणून ठेवा. पीपीटी उघडा, वर पिवळी पट्टी आली तर ‘एनेबल एडिटिंग’ करा. मग ‘फाइल’, ‘इन्फो’. उजवीकडे अगदी खाली ‘एडिट लिंक्स टू फाइल्स’ दिसेल. (ही ओळ लिंक असेल तरच येते, म्हणजे व्हिडिओ आत आहे की बाहेर याची दुसरी परीक्षाही इथंच होते.) त्यावर क्लिक केलं की जुने पत्ते समोर येतात. एकेक निवडून ‘चेंज सोर्स’ करा आणि आत्ताची फाइल दाखवा. स्लाइडवरची जागा आणि आकार जसाच्या तसा राहतो, नव्यानं मांडणी करावी लागत नाही.

एवढ्यावर थांबू नका. त्याच खिडकीत ‘ब्रेक लिंक’ आहे. नाव ऐकून भीती वाटते, लिंक तोडायची कशाला? पण व्हिडिओच्या बाबतीत ते बटण व्हिडिओ पीपीटीच्या पोटात घालतं. फक्त त्या वेळी मूळ फाइल सापडत असली पाहिजे, म्हणून आधी ‘चेंज सोर्स’ आणि मग ‘ब्रेक लिंक’. सेव्ह करा, आणि आकार वाढला का ते बघा. वाढला असेल तर आता पीपीटी कुठंही न्या. फाइल जुन्या पीपीटी प्रकारची असेल तर आधी ‘सेव्ह ॲज’मधून पीपीटीएक्स या नव्या प्रकारची करून घ्या.

पॉवरपॉइंट २०१० पासून व्हिडिओ आपोआप पोटात जातो. २००७ आणि त्याआधीच्या आवृत्त्या फक्त पत्ता लिहीत. शाळांतल्या जुन्या संगणकांवर केलेल्या पीपीटींना म्हणूनच हा त्रास जास्त. नव्या आवृत्तीत पत्ता लिहिला जातो तो आपण ‘लिंक टू फाइल’ निवडलं तरच, आणि ते आपण निवडतो कारण जीमेलवरून २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडून जात नाही. व्हिडिओ फार मोठे असतील आणि लिंकच ठेवायची असेल, तर ‘फाइल’, ‘एक्स्पोर्ट’, ‘पॅकेज प्रेझेंटेशन फॉर सीडी’ आणि त्यात ‘कॉपी टू फोल्डर’. सीडीची गरज नाही. पीपीटी आणि तिचे सगळे व्हिडिओ एका फोल्डरमध्ये गोळा होतात. न्यायचं ते अख्खं फोल्डर.

मूळ व्हिडिओ हरवलाय पण पीपीटी जड आहे, अशा वेळीही आशा सोडू नका. पीपीटीएक्स ही आतून झिपच असते. तिची एक प्रत करा, प्रतीच्या नावाच्या शेवटचं ‘पीपीटीएक्स’ काढून ‘झिप’ लिहा आणि उघडा. आत ‘पीपीटी’ फोल्डर, त्यात ‘मीडिया’. पोटातला व्हिडिओ तिथं असतो. मॅडमच्या पहिल्या आजी मला तिथंच सापडल्या.

राहिली यूट्यूबची लिंक. तीही लिंकच, फक्त पत्ता इंटरनेटवरचा. वर्गात रेंज नसेल, वाय-फाय बंद असेल तर ती चालत नाही, आणि आपल्याकडच्या किती वर्गखोल्यांत रेंज खात्रीची असते हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय आजीनं तुम्हाला विश्वासानं सांगितलेली गोष्ट तिला न विचारता यूट्यूबवर टाकायची का, हाही प्रश्न आहेच.

या वर्षी ज्यांच्याकडे किल्लारीची पीपीटी आहे त्यांनी आजच तिचा आकार बघा, आणि ‘इन्फो’मध्ये ती ओळ दिसते का तेही बघा. दिसली तर मूळ व्हिडिओ फोनमध्ये, जुन्या लॅपटॉपमध्ये, ज्याला पाठवला होता त्याच्याकडे शोधा. तोवर फोनमधलं काहीही काढू नका. दुसऱ्या एका मॅडमना त्यांची फाइल भावाच्या जुन्या मेमरी कार्डावर परवाच मिळाली.