दूध नासवणारं झाड

काल सकाळी साडेसहाला समोरचे काका आमच्या गेटपाशी फाटलेल्या दुधाचं पातेलं घेऊन उभे. पातेलं म्हणजे पुरावा. "पाहा ताई, तुमच्या झाडानं आमचं दूध नासवलं."

मार्चचा शेवट, नागपूर, रात्रीचं दूध. पण नाही, झाडानं.

झाडाचं पटकन सांगते. कार्डून. आर्टिचोक, म्हणजे फुलाचे गड्डे खातात त्या भाजीचं भावंड, भूमध्य समुद्राकडचं, पण याचे गड्डे नाही, पानांचे जाड देठ खायचे. पावसाळा सरल्यावर ऑनलाइन बी मागवून लावलं, मूळ खोल जातं म्हणून कुंडीत न लावता कंपाउंडच्या आत जमिनीतच, आणि आपल्या काळ्या मातीत पाणी तुंबून मूळ सडतं म्हणून कन्हान नदीची रेती मिसळून. थंडीत जोरात वाढलं, चंदेरी कातरलेली पानं, रस्त्यानं जाणारा वळून पाहील असं. मग देठांचा कडवटपणा कमी व्हावा म्हणून सगळी पानं एकत्र धरून त्याला पेपर गुंडाळायचा, वरून पोतं, त्यावर सुतळी. तीन-चार आठवडे उजेड लागू द्यायचा नाही, आतले देठ पांढुरके आणि कोवळे होतात.

त्या पोत्यापाशी काकांची एन्ट्री झाली. काका रिटायर्ड आहेत, कोणत्या खात्यातून ते गल्लीत कोणाला नीट माहीत नाही, पण इन्स्पेक्शनचंच काम असणार.

"ताई, हे काय बांधून ठेवलं जी?"

"झाड आहे काका."

"झाड तं दिसून राहिलं. पोत्यात काऊन?"

"ऊन लागू नये म्हणून."

"झाडाले ऊन नाही तं काय कूलर लावता काय?"

मी सांगितलं की उजेडात देठ कडू होतात, झाकले की कमी होतात. त्यावर काका म्हणाले की मग आधीच कडू नसलेलं काही लावायचं होतं, पालक लावा, मेथी लावा, सांबार (म्हणजे कोथिंबीर) लावा, सांबार रोज लागते. मग गेट उघडून आत येऊन, न झाकलेल्या झाडाचं एक पान उलटं करून पाहिलं आणि निकाल दिला. "हा उटकटारा होय. आमच्या वावरात धुऱ्यावर मोकाट उगवते. उंटाशिवाय कोणी तोंड लावत नाही याले. तुमच्यापाशी उंट आहे काय?"

उटकटारा वेगळा, हे मी सांगितलं. नातलग आहेत म्हणा, आपली करडईसुद्धा याच काटेरी खानदानातली. पण काकांचं ऐकताना मला प्लिनी आठवला. पहिल्या शतकातला रोमन माणूस, त्यानं तेव्हाच कुरकुर लिहून ठेवलीय की जनावरंसुद्धा ज्याच्या वाटेला जात नाहीत ते काटे माणसं चवीनं खातात आणि त्याच्या छोट्या छोट्या वाफ्यांतून लोक पैसा काढतात. काका आणि प्लिनी संध्याकाळी फुटाळा तलावावर बसले असते तर दोघांचं मस्त जमलं असतं.

आता एवढा उंट काढल्यावर कोणीही थेट पोर्तुगालवर जाईल. मी म्हटलं, काका, याच्या जांभळ्या फुलातले तंतू वाळवून तिकडे सेरा दा एस्ट्रेला नावाच्या डोंगराळ भागात मेंढीच्या दुधाचं चीज करतात, नावाजलेलं चीज आहे, ते तंतू मिठासोबत कुटून पाण्यात भिजवतात आणि ते पाणी कोमट दुधात घालतात.

"म्हणजे दूध नासवते."

"नासवत नाही काका, दूध घट्ट होतं, त्याचं चीज..."

"फाटते ना दूध?"

"हो, पण..."

"बस मंग."

संध्याकाळपर्यंत गल्लीला बातमी. दूधवाला जो इतकी वर्षं आमच्या गेटला पिशव्या अडकवायचा तो आता कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला अडकवतो, मी तिथवर चपला घालून जाते आणि एकदा कुत्र्यानं माझ्या आधी नेली. मागच्या गल्लीतल्या एका बाई मात्र शुगरसाठी पानं मागायला आल्या, जे झाड दूध फाडते ते आतली साखर पण फाडत असेल असा त्यांचा हिशोब. आता यावर माणसानं काय बोलावं.

तर काल. मी म्हटलं, काका, या झाडाला अजून फूलच आलं नाही.

"फूल नाही तं वास आहे."

"वासानं दूध फाटत नाही हो. आणि झाड काय रस्ता ओलांडून तुमच्या किचनमध्ये येते का?"

"हवेनं येते ना. वारा तुमच्याकडून आमच्याकडे आहे. मी पाहिलं." आणि बोट वर केलं. त्यांच्या गॅलरीच्या ग्रिलला नातीची लाल रिबन बांधलेली, आणि ती खरंच आमच्याकडून त्यांच्याकडे फडफडत होती. माणसानं रिबन बांधून वारा मोजला होता!

"रात्री दूध फ्रीजमध्ये होतं का काका?"

"फ्रीजमंधीच होतं. पण लाइट गेली होती ना."

"मग झालं की! फ्रीज बंद, म्हणून फाटलं."

"लाइट तं साऱ्यांचीच गेली होती. तुमचं फाटलं काय?"

आमचं संपलं होतं, रात्री शेवयांची खीर केली होती. पण एवढं बोलायच्या आत माझ्या तोंडून "नाही" निघालं आणि काकांनी नुसतं पातेलं थोडं वर उचललं. "पाहा."

मी त्यांना अर्धा लिटर दूध दिलं. खांबावरून नुकतंच आणलेलं. दिलं! अजून डोक्यातून जात नाही. आणि त्या फाटलेल्या दुधाचं काकूंनी दुपारी पनीर करून मटारची भाजी केली, त्याचा वास आमच्या बैठकीत येत होता, तेव्हा वारा उलटा फिरला असणार.

एवढं सगळं ज्या भाजीसाठी, ती भाजी म्हणाल तर. पोतं सोडून देठ कापायचे, काटे-पानं काढायची, शिरा ओढून काढायच्या, कापल्या कापल्या लिंबाच्या पाण्यात टाकायचे नाहीतर काळे पडतात, तुमचे हात तर पडतातच, केळफूल सोलण्याइतकाच वैताग. मग अर्धा तास उकळायचे. इटलीत पिडमाँटकडे हे देठ लसूण, ऑलिव्ह तेल आणि अँकोव्ही नावाच्या खारवलेल्या मासळीच्या गरम सॉसमध्ये बुडवून खातात, बान्या काउदा म्हणतात. स्पेनमध्ये नाताळला बदामाच्या सॉसमध्ये करतात. मी बेसनात बुडवून तळले, आणि मला आवडले, हलका कडवटपणा मागे राहतो तो तर फारच. सासूबाईंनी चार खाल्ले आणि म्हणाल्या, बेसन छान जमलं.

काकांच्या बाजूनं एक बोलते, हे झाड मोकळं सुटलं तर आवरत नाही. 1833 मध्ये डार्विननं उरुग्वेकडे मैलोन्‌मैल याचंच काटेरी रान पाहिलं होतं, माणूस-जनावर आत शिरू शकत नाही असं. पण ते तिकडच्या मोकळ्या माळावर. इथे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, हे जून बघेल की नाही याचीच मला धास्ती, शेडनेट लावावी लागणार आहे.

पण गल्लीच्या मीटिंगमध्ये विषय निघालाच. काटे आहेत म्हणे, लेकरं खेळतात. पानांच्या कडेला बारीक काटे आहेत, कबूल, पण काकांच्या कंपाउंडवर बाटल्यांच्या काचा उभ्या लावल्यात त्या फक्त चोरांना लागतात वाटतं. खरं म्हणजे लोकांना माती दिसली की घाण वाटते. आमचं अंगण सोडलं तर अख्ख्या गल्लीनं सिमेंटचे गट्टू बसवून घेतलेत, पावसाचं पाणी जिरायला जागा नाही, उन्हाळ्यात रात्री दहालाही खालून धग येते, मग घरात दोन-दोन कूलर, कूलरला नळाचं पाणी, आणि मेमध्ये बोअर आटली की सगळे मिळून नगरसेवकाच्या नावानं बोंबलणार. त्यावर कोणी मीटिंग घेत नाही. मी एकदा विषय काढला तर सगळे चहाकडे वळले.

आज सकाळी काकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर गट्टूवाल्याचा नंबर पाठवलाय, सोबत स्क्वेअर फुटाचा भाव. खाली लिहिलंय, ताई, ओळखीचा आहे, काढून टाकायचं काम पण तोच करते.