उंट, शेळ्या आणि ग्लिसरीन : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रेशर गेजचं (पाइपातला दाब काट्याने दाखवणाऱ्या घड्याळासारख्या उपकरणाचं) आयुष्य कसं वाढवावं, या माझ्या लेखावर परवा एक प्रतिक्रिया आली. नाव दिलेलं नाही, म्हणून 'महोदय' म्हणतो. महोदया असाल तर क्षमस्व. बाकीच्या वाचकांना शोधत बसायला नको म्हणून ती जशीच्या तशी इथे देतो (त्यातला स्नबर म्हणजे गेजच्या खाली बसवायचा बारीक भोकाचा तुकडा, दाबाचे धक्के मऊ करणारा) :

"लेख म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्याचा प्रकार आहे. गेज ही झिजणारी वस्तू, बिघडली की बदलायची. आयुष्य वाढवण्याच्या नादात लोक खोटा दाब दाखवणारे गेज लाईनवर ठेवतील. ग्लिसरीन भरलेला गेज लावला की स्नबरबिबर काही लागत नाही. उलट स्नबर तुंबला तर काटा जागच्या जागी अडकतो, हे लिहायला हवं होतं. काटा उपटून शून्यावर बसवण्याचा सल्ला तर सरळ धोकादायक. आणि क्लास १.६ म्हणजे वाचलेल्या दाबाच्या १.६ टक्के नव्हे, एवढं तरी तपासायचं."

महोदय, आपण वेळ काढून लेख वाचलात, आभारी आहे. मुद्द्यांवर येतोच, पण आधी सुराबद्दल दोन शब्द. टीकेला माझी कधीच ना नसते. या लेखाखालच्याच आधीच्या प्रतिक्रिया बघा, एकाने सायफनबद्दल (वाफ थेट गेजमध्ये जाऊ नये म्हणून लावायच्या वाकड्या नळीबद्दल) माझी चूक दाखवली होती आणि मी तिथल्या तिथे मान्य केली. तीच गोष्ट 'इथे जरा गल्लत झाली आहे' असंही सांगता येते. पहिल्याच वाक्यात माणसाला उंटावर बसवायचं आणि शेवटी 'एवढं तरी तपासायचं' म्हणून कान धरायचा, याला चर्चा म्हणत नाहीत.

आणि उंटाचा विषय आपणच काढलात, तर सांगतो. बावीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. त्यातली पहिली तीन इन्स्ट्रुमेंट वर्कशॉपमध्ये, डेड वेट टेस्टरसमोर, म्हणजे पिस्टनवर ठरावीक वजनं ठेवून नेमका दाब तयार करणाऱ्या आणि त्यावर गेज तपासायच्या यंत्रासमोर. वजनांची थाळी हाताने हलकेच फिरती ठेवायची, म्हणजे पिस्टन घर्षणाने अडकत नाही. दाब पायरीपायरीने चढवायचा, प्रत्येक पायरीवर बोटाच्या पेराने काचेवर टिचकी मारून काटा वाचायचा, मग तसाच पायरीपायरीने उतरवत परत वाचायचा. चढतानाचा आणि उतरतानाचा आकडा वेगळा आला की समजायचं, आत कुठेतरी घर्षण आहे किंवा गेजच्या आतली नळी थकली आहे. दिवसाला वीस-पंचवीस गेज. नखांत ग्लिसरीन आणि चहाच्या कपाला तेलाचा वास. तो उंट असेल तर फारच बुटका उंट होता.

आता शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तो आपला बरोबर आहे. क्लास १.६ म्हणजे पूर्ण स्केलच्या १.६ टक्के. २५० बारपर्यंत (बार हे दाबाचं एकक) स्केल असलेल्या गेजला ही मुभा स्केलवर कुठेही ४ बारची, म्हणजे ५० बार वाचताना तीच चूक ८ टक्क्यांवर जाते. लेखात 'दाबाच्या १.६ टक्के' असं पडलं, 'पूर्ण स्केलच्या' हे शब्द राहून गेले. घाईत झालं. दुरुस्त करतो.

पण ग्लिसरीनचं वाक्य मी सोडणार नाही. 'ग्लिसरीन भरलेला गेज लावला की स्नबरबिबर काही लागत नाही.' हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय. खरेदी विभागात ऐकलं, पंप विकायला आलेल्या माणसाकडून ऐकलं, एकदा तर खुद्द प्लांट मॅनेजरकडून ऐकलं. त्यातला 'बिबर' हा शब्द तेवढा नवीन.

गेजच्या आत काय असतं? चपट्या छेदाची, इंग्रजी 'सी'सारखी वाकवलेली एक नळी. एक टोक सॉकेटला जोडलेलं, दुसरं बंद आणि मोकळं. आत दाब आला की चपटी नळी गोल व्हायला बघते आणि तिचा बाक किंचित उलगडतो. मोकळं टोक काही मिलिमीटर सरकतं, बस. तेवढीच हालचाल लिंक (छोटी जोडपट्टी), सेक्टर आणि पिनियन (दातेरी चाकांची जोडी) वाढवून काट्यापर्यंत पोचवतात. (युजीन बोर्डनने १८४९ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि रचना अजून तीच आहे. पावणेदोनशे वर्षं टिकलेल्या गोष्टीला 'झिजणारी वस्तू' म्हणून उडवून लावताना जीभ जरा अडखळायला हवी होती. असो.)

आता ग्लिसरीन कुठे असतं? नळीच्या बाहेर, बॉडीत. आणि लाईनचा दाब कुठे असतो? नळीच्या आत. ग्लिसरीन काट्याची थरथर मारतं, सेक्टर-पिनियनच्या दातांना वंगण देतं, हेअरस्प्रिंगला (काट्याच्या बारीक स्प्रिंगला) कंपनापासून वाचवतं, दमट हवा आत येऊ देत नाही. ही कामं ते उत्तम करतं, लेखात मी त्याची तारीफच केली आहे. पण पंपाचा प्रत्येक ठोका सॉकेटच्या भोकातून नळीत शिरतोच. बाहेरचा जाड द्रव नळीच्या हालचालीला थोडाफार अडवेल, पण धातूवरचा ताण मात्र दर ठोक्याला वर-खाली होत राहणार. काटा शांत झाला म्हणून नळी शांत झाली असं नव्हे. उलट काटा शांत दिसतो म्हणून कुणाला संशयच येत नाही, आणि नेमकं तिथेच माणूस फसतो.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाहीये. एका कारखान्यात (नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून ओळखीची आहेत) जास्त दाबाच्या पाण्याचा तीन प्लंजरचा (पुढे-मागे होऊन पाणी ढकलणाऱ्या दांड्यांचा) पंप होता. लाईनचा दाब २०० बार, गेज २५० बारचा, ग्लिसरीन भरलेला, थेट पंपाच्या डिस्चार्जवर घट्ट बसवलेला. दर दोन-तीन आठवड्यांनी गेज जायचा. स्टोअरला जायचं, नवा आणायचा, बसवायचा. म्हणजे तुमचाच सिद्धांत, तिथे तो सुखाने राबवला जात होता.

हिशोब करून बघा. पंप मिनिटाला ३०० फेरे, तीन प्लंजर, म्हणजे मिनिटाला ९०० ठोके. तासाला ५४,०००. पंप दिवसरात्र चालायचा, म्हणजे दिवसाला १२,९६,०००. जवळजवळ तेरा लाख वेळा ती नळी उलगडते आणि मिटते, तीही स्केलच्या ८० टक्क्यांवर. धडधडत्या दाबाला स्केलच्या ६५ टक्क्यांच्या वर जाऊ नये आणि स्थिर दाबाला ७५ च्या, हा साधा दंडक आहे. तारेचा तुकडा वाकवून-वाकवून तोडलाय कधी? तसंच.

एक दिवस सकाळच्या फेरीत माझ्याबरोबरचा शिकाऊ पोरगा म्हणाला, "सर, हा गेज बघा कसा मस्त गच्च भरलाय." मी बघितलं आणि पंप बंद करायला सांगितलं. भरलेल्या गेजमध्ये वरच्या बाजूला हवेचा एक बुडबुडा मुद्दाम ठेवलेला असतो, ग्लिसरीन गरम होऊन फुगलं तर त्याला जागा हवी म्हणून. आदल्या दिवशी तो होता. आता नव्हता, आणि वरच्या रबरी बुचाच्या कडेला ओल आली होती. काटा? एकदम स्थिर, २०० वर, जणू काही झालंच नाही. वर्कशॉपमध्ये उघडला तर नळीच्या चपट्या कडेवर केसाएवढी चीर, जेमतेम नखाएवढी लांब. तिच्यातून पाणी बॉडीत झिरपून ग्लिसरीनमध्ये मिसळलं होतं. ती चीर अजून फाकली असती तर काच कुणाच्या तोंडावर गेली असती याचा विचार करा. आता सांगा, त्या गेजला ग्लिसरीन नव्हतं का?

पुढे काय केलं तेही सांगतो. गेज ४०० बारचा घेतला, म्हणजे काम स्केलच्या मध्यावर आलं. (हो, क्लास १.६ ला मुभा ४ वरून ६.४ बार झाली. आम्हाला त्या जागी चालत होती. हे लिहितोय, नाहीतर तुम्ही लिहाल.) गेज पंपावरून काढून बाजूच्या भिंतीवर नेला, मध्ये बारीक लवचिक नळी टाकली, म्हणजे पंपाचं कंपन तिकडे पोचेना. खाली स्नबर बसवला. आणि हे सगळं करताना लक्षात आलं की पंपाच्या पल्सेशन डँपनरमधला (दाबाचे ठोके शोषून घेणाऱ्या, वायू भरलेल्या भांड्यातला) नायट्रोजन कधीचाच निघून गेला होता. तो भरला आणि पाइपांचा आवाजसुद्धा बदलला. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असा वर्ष-दीड वर्षाचा उद्योग चालला होता. 'बिघडली की बदलायची' या तत्त्वामुळे तो डँपनर कुणी उघडूनच बघितला नाही, कारण नवा गेज लावला की तीन आठवडे सगळं ठीक दिसायचं. मी ती नोकरी सोडली तेव्हा भिंतीवरच्या गेजला चार वर्षं झाली होती. दर महिन्याला स्नबर खोलून गाळ काढायचो, पण गेज तोच.

तर ग्लिसरीनबद्दल माझं म्हणणं इतकंच. ज्याला हे ठाऊक नाही त्याने दुसऱ्याला उंटावर बसवू नये.

बाकीच्या मुद्द्यांत फार काही नाही, तरी उत्तर दिलं नाही असं व्हायला नको.

'खोटा दाब दाखवणारे गेज लाईनवर ठेवतील.' कोण ठेवेल? मी कुठेही बिघडलेला गेज चालवत राहा असं लिहिलेलं नाही. चांगला गेज चांगला कसा ठेवावा यावर लेख आहे. दात घासायला सांगणारा माणूस किडलेला दात ठेवा म्हणत नसतो.

स्नबर तुंबण्याबद्दल. अहो, बारीक भोक आहे, मळकट द्रव आहे, तुंबणारच. कुठल्याही फिटरला हे माहीत असतं. प्रत्येक ठिकाणी 'पाणी ओलं असतं' असं लिहीत बसलो तर लेख संपायचा नाही. शिवाय निडल व्हॉल्व्हच्या (सुईसारख्या टोकाने वाट बारीक करणाऱ्या झडपेच्या) परिच्छेदात मी स्पष्ट लिहिलं आहे की काटा पार थिजवू नये, बारीकशी थरथर राहू द्यावी, ती गेज जिवंत असल्याची खूण. हे स्नबरलाही लागू आहे हे वाचणाऱ्याला समजतं. वाचणाऱ्याला, म्हणतोय मी. आणि घट्ट होणारा किंवा गाळ असलेला द्रव असेल तर तिथे स्नबर लावायचाच नाही, डायफ्रॅम सील (द्रव गेजमध्ये जाऊ न देता दाब पोचवणारा पातळ पडदा) लावायचा, हे तर पुढच्याच परिच्छेदात आहे.

काटा शून्यावर बसवण्याबद्दल. मी 'कॅलिब्रेशन करून' असं लिहिलं होतं. कंसात होतं, पण होतं. जादा दाबाने नळीच कायमची ताणली गेली असेल तर नुसता काटा हलवून काही होत नाही, शून्य जुळतं आणि वरचे आकडे चुकतात, एवढं मलाही कळतं. डेड वेट टेस्टरचं वर सांगितलंच आहे.

आणि एक. तुम्ही लेखातल्या अर्ध्याहून जास्त गोष्टींना हातही लावलेला नाही. वाफेच्या लाईनवर सायफन आधी पाण्याने भरून घेणं, कारण १० बारची वाफ १८४ अंशांच्या आसपास असते आणि ती सरळ नळीत गेली तर काय होईल. गेज बसवताना बॉडी धरून न पिळता सॉकेटच्या चौकोनाला पाना लावणं. टेफ्लॉन टेप पहिला आटा सोडून गुंडाळणं, नाहीतर तिचेच धागे भोकात जाऊन बसतात. अमोनियाला तांब्या-पितळेचे गेज न लावणं. व्हॉल्व्ह हळू उघडणं. हे सगळं चूक आहे का? नसेल तर तसं एका ओळीत लिहायला काय हरकत होती? पानावाला मुद्दा तुम्हाला बाळबोध वाटला असेल. वीस वर्षं नोकरी झालेली माणसं नवा गेज नारळासारखा दोन्ही हातांनी धरून फिरवताना मी पाहिली आहेत, आणि मग काटा शून्यावर येत नाही म्हणून गेज बनवणाऱ्याला शिव्या देतानाही.

पुन्हा लिहायचं झालं तर जरूर लिहा, प्रतिक्रिया काढून टाकणाऱ्यांतला मी नाही. फक्त नाव लिहा, आणि तुमच्याकडचे गेज कुठल्या पंपावर आहेत आणि किती दिवसांनी बदलावे लागतात तेवढा आकडा द्या. मेलेला एखादा गेज फेकण्याआधी उघडून नळीची कड भिंगाखाली बघितलीत तर आणखी चांगलं. फोटो पाठवलात तर तुमच्या नावासह छापतो.

क्लास १.६ ची दुरुस्ती लेखात आत्ताच केली आहे. स्नबर वरचेवर खोलून साफ करावा, तुंबला तर काटा जुनाच दाब दाखवत राहू शकतो, अशीही एक ओळ घातली आहे. ती घालायचं माझ्या मनात आधीपासूनच होतं.