एका ट्यूबचे दोन हक्कदार

आमच्या घरात मुरुमांच्या मलमाची ट्यूब एक आणि तिच्यावर हक्क सांगणारे दोघं. एक आमचे १६ वर्षांचे चिरंजीव आणि दुसरी त्यांची ४५ वर्षांची मातोश्री, म्हणजे मी. या वयात मला चाळिशी लागली, ती रीतसरच लागली. पण तो चष्मा लावून आरशात पाहिलं तेव्हा सर्वांत आधी स्पष्ट काय दिसलं असेल, तर हनुवटीवरचे मुरूम. चष्म्याचे पैसे तिथेच वसूल झाले.

ट्यूब मूळची चिरंजीवांची. त्यांच्या कपाळाला तिने गुण दिला होता, तेव्हा आईच्या हनुवटीलाही देईल असा सरळ हिशोब मांडून त्यांनी ती मोठ्या मनाने माझ्यापुढे केली. माझ्या हनुवटीने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

याचं कारण असं की मुरूम ही एक जात नाही, ते अख्खं खानदान आहे. मूळपुरुष मात्र एकच. केसाच्या मुळाशी एक तेलग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजेन नावाची संप्रेरकं तिला कामाला लावतात आणि ती गरजेपेक्षा जास्त तेल गाळू लागते. त्याच वेळी छिद्राच्या आतल्या मृत पेशी वेळच्या वेळी गळून पडायच्या त्या एकमेकींना चिकटून बसतात. तेल आणि पेशी मिळून बूच तयार होतं. हे बूच सुरुवातीला डोळ्यांना दिसतच नाही. ते दिसू लागेपर्यंत काही आठवडे गेलेले असतात.

हे काही आठवडे कोणी लक्षातच घेत नाही. मुरूम आज दिसला म्हणजे गुन्हा काल रात्री घडला, असा सगळ्यांचा ठाम समज असतो. आमच्या आत्याबाईंनी माझ्या हनुवटीकडे पाहून पहिला प्रश्न टाकला, "काल काय खाल्लंस?" जसं काही मी कालच्या जेवणाचा पुरावा चेहऱ्यावर वागवतेय. खूप गोड आणि झटकन रक्तातली साखर वाढवणारा आहार काहींचे मुरूम वाढवतो, हे खरं. पण कालच्या घासाचा आज मुरूम होत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची ही पद्धत आमच्या आत्याबाईंच्या फार आवडीची आहे. कालचा घास निर्दोष ठरला की त्या लगेच दुसरा संन्यासी पकडतात: "पोट साफ होतं ना? तोंड नीट धुतेस ना?"

तोंड धुण्याचा तर मला राग यायला लागलाय. नाकावरचे काळे ठिपके पाहून लोकांना वाटतं की आत मळ साचलाय. तो मळ नसतो. छिद्राचं तोंड उघडं असलं की आतल्या बुचाला हवा लागते, त्यातलं तेल आणि त्वचेचं रंगद्रव्य यांमुळे वरचा भाग काळा पडतो. तोंड बंद असलं की तेच बूच त्वचेच्या रंगाची किंवा पांढुरकी बारीक पुटकुळी होऊन बसतं. काळ्याला ब्लॅकहेड म्हणायचं, पांढऱ्याला व्हाइटहेड. दोघं सख्खे भाऊ, एक उघड्या दाराचा आणि एक बंद दाराचा. खरखरीत स्क्रबने घासून यांपैकी एकही जागचा हलत नाही. हलते ती वरची निरपराध त्वचा. दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश पुरतो. चिरंजीव पाच-सहा वेळा तोंड धुवायचे आणि मग तोंड ओढल्यासारखं होतंय म्हणून कुरकुरायचे. नाकावरचे जे ठिपके ते तासन्‌तास पिळत बसत, ते तर ब्लॅकहेडही नव्हते. तेल बाहेर वाहून आणणाऱ्या त्या साध्या तेलवाती. सगळ्यांच्या नाकावर असतात आणि पिळून काढल्या तरी काही आठवड्यांत निमूटपणे पुन्हा भरतात. एवढी चिकाटी चिरंजीवांनी बीजगणितात दाखवली असती तर!

बूच बसलं की आत एक जिवाणू खूश होतो. तो आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर मुळातच राहतो, मुरूम नसलेल्यांच्याही. त्याचं नाव आधी प्रोपिऑनिबॅक्टेरियम ॲक्नेस होतं, २०१६ साली शास्त्रज्ञांनी ते क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस केलं. नाव बदलल्याने त्याच्या वागण्यात काहीही सुधारणा झाली नाही. तो बंद जागेत वाढतो, शरीर त्याच्यावर चालून जातं आणि त्या धुमश्चक्रीत बिचारी जागा लाल होते. लाल, दुखरी पण पू नसलेली पुळी म्हणजे पॅप्युल. वर पिवळट पू दिसला की ती पस्ट्युल. ही दिसली की माणसाची बोटं आपोआप शिवशिवतात. बोटांना समजावून सांगायचं की दाबल्यावर निम्मा ऐवज बाहेर येतो आणि निम्मा आत फुटून आणखी खोल जातो. बोटं ऐकत नाहीत, हा भाग वेगळा.

चिरंजीवांच्या कपाळावर या सगळ्यांचं संमेलन भरलेलं होतं, म्हणून डॉक्टरबाईंनी त्यांना ॲडापलीन आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड यांचं मिश्रण दिलं. पहिलं बूच होऊ देत नाही, दुसरं जिवाणू मारतं. नुसतं बेन्झॉइल पेरॉक्साइड वापरायचं तर २.५ टक्क्यांचंही जवळजवळ १० टक्क्यांइतकंच काम करतं आणि त्वचा कमी जाळतं. पण टक्के जास्त म्हणजे औषध भारी, हे आमच्या घरात सर्वमान्य तत्त्व असल्यामुळे चिरंजीव नाराज झाले. त्यात या औषधाला कापडाचा रंग उडवण्याची खोड. आमच्या गडद निळ्या टॉवेलांवर आता पांढरे ढग उतरलेत. उशांचे अभ्रे बघून नवरा म्हणाला, "नवीन डिझाइन आणलंस का गं?"

मलम लावायची पद्धतही चिरंजीवांनी स्वतः शोधून काढली होती: दिसेल त्या मुरुमावर एकेक टिपका. टिपका दिसणाऱ्या मुरुमापाशी पोचतो, पण पुढचे मुरूम शेजारच्या छिद्रांत अजून अदृश्य अवस्थेत बसलेले असतात. म्हणून ॲडापलीन थोडंसंच, पण सगळ्या मुरूमप्रवण भागावर, रात्री, तोंड कोरडं करून लावायचं आणि दिवसा सनस्क्रीन. पहिले काही आठवडे त्वचा सोलवटते, कधी मुरूम वाढल्यासारखेही वाटतात. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे. हा आकडा ऐकून चिरंजीवांनी डॉक्टरबाईंकडे ज्या नजरेने पाहिलं, तसं त्यांनी परीक्षेच्या वेळापत्रकाकडेही कधी पाहिलेलं नाही. शनिवारी ग्रुप फोटो होता.

आता माझी हनुवटी. माझ्याकडे ना काळे ठिपके, ना पिवळी टोकं. जबड्याच्या कडेला खोल, टणक, ठणकणाऱ्या गाठी. ५ मिलिमीटरहून मोठ्या, म्हणजे नोड्यूल. नोड्यूल हा केबिनमधून कधीही बाहेर न येणाऱ्या मोठ्या साहेबासारखा असतो: दर्शन नाही, पण त्याच्या अस्तित्वाचा त्रास मात्र चोवीस तास. तो दाबून फुटत नाही, शेकून पिकत नाही, टूथपेस्टने वाळत नाही. टूथपेस्टने फक्त वरची कातडी भाजते, आणि श्वास ताजा असण्याचा हनुवटीला काहीच उपयोग नाही. शिवाय हा साहेब जाताना खड्डा पाडून जाऊ शकतो. नुसता तपकिरी डाग पडला तर तो काही महिन्यांत फिकट होतो, सावळ्या त्वचेवर जरा जास्तच रेंगाळतो, पण खड्ड्याचं तसं नसतं. म्हणून नोड्यूल दिसले की घरगुती प्रयोग बंद आणि थेट डॉक्टर.

डॉक्टरबाईंनी माझा चेहरा कमी पाहिला आणि प्रश्न जास्त विचारले. पाळी नियमित आहे का, पाळीच्या आधी गाठी वाढतात का, हनुवटीवर राठ केस येतात का. जबड्याच्या रेषेवर, पाळीच्या आसपास उसळी मारणाऱ्या गाठींमागे बरेचदा संप्रेरकं असतात, आणि ती लढाई वरच्या मलमाने जिंकता येत नाही. सर्वांत मोठ्या गाठीत त्यांनी स्टेरॉइडचं बारीकसं इंजेक्शन दिलं, ती थोड्याच दिवसांत बसली. (हे इंजेक्शन डॉक्टरांनीच द्यायचं. हाती लागेल ते स्टेरॉइडचं क्रीम चेहऱ्याला चोळत राहिलं तर उलट त्यानेच मुरूम येतात.) बाकीसाठी स्पायरोनोलॅक्टोन. मूळची लघवी वाढवणारी, रक्तदाबासाठी वापरली जाणारी गोळी, पण ती अँड्रोजेनचा प्रभावही रोखते. गरोदरपणात चालत नाही, आणि पुरुषांना मुरुमांसाठी ती सहसा देत नाहीत, त्यामुळे निदान या औषधावर तरी चिरंजीवांचा हक्क लागत नव्हता.

नवऱ्याने घडी उलगडून पूर्ण माहितीपत्रक वाचलं आणि ओरडला, "अगं, तुला बीपीची गोळी दिलीय! बीपी तर माझं वाढतं!"

आत्याबाईंच्या कानावर एव्हाना आयसोट्रेटिनॉइनची कीर्ती गेली होती. "ती जालीम गोळी का नाही देत?" १९८२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली ही गोळी खरोखरच जालीम आहे. तेलग्रंथी आक्रसून टाकते, हट्टी गाठींवर तिच्याइतकं परिणामकारक फारसं काही नाही. पण ओठ असे फुटतात की लिप बाम खिशात ठेवूनच फिरावं लागतं, रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतात आणि गर्भात गंभीर व्यंग येऊ शकतं म्हणून गोळ्या चालू असताना आणि थांबवल्यावरही महिनाभर गर्भधारणा कटाक्षाने टाळावी लागते. आत्याबाई हे सगळं शांतपणे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे तोंडच नीट धू."

वाचता वाचता मला खानदानात शिरलेले तोतयेही सापडले. गालांवर लाली आणि पुळ्या आहेत पण ब्लॅकहेड-व्हाइटहेड एकही नाही, तर तो रोझेशिया नावाचा वेगळाच त्वचाविकार असू शकतो. कपाळावर, छातीवर, पाठीवर एकाच मापाचे बारीक फोड आणि वर खाज, तर तो बहुधा यीस्ट नावाच्या बुरशीचा उद्योग. हा अँटिबायोटिकने वाढू शकतो, कारण यीस्टचे प्रतिस्पर्धी जिवाणूच मरतात. त्याला बुरशीविरोधी औषध लागतं. खाज हा तोतया ओळखायचा सर्वांत सोपा पुरावा, कारण साधे मुरूम दुखतात जास्त, खाजतात कमी.

आणि हे ज्ञान डोक्यात शिरल्यापासून माझी नजर बिघडली आहे. परवा लिफ्टमध्ये एक अनोळखी तरुण आला. कपाळभर एकाच मापाचे बारीक फोड. तळमजला सुटायच्या आत माझं निदान झालं होतं. चिरंजीवांनी माझा दंड धरला आणि दातांत म्हणाले, "आई, प्लीज. नको." मी मान डोलावली आणि मजल्यांचे आकडे बघत राहिले. चौथ्या मजल्यावर तरुण उतरला. दार बंद होता होता मी फक्त एवढंच विचारलं, "खाज सुटते का हो?"