उन्हाळ्यात परसबाग बंद ठेवू नका

‘पारा चाळिशीपार गेला की काहीच येत नाही, तेव्हा उन्हाळ्यात भाजी लावू नका. लावलीच तर रोज दोनदा पाणी घाला. पण दुपारी नको, पानावरचे थेंब भिंगासारखे पान जाळतात.’ दर मार्चला हा संदेश फिरतो आणि विदर्भ-मराठवाड्यातली कितीतरी अंगणं ओस पडतात. वाईट वाटतं, कारण त्यातलं बरंचसं चूक आहे.

‘काहीच येत नाही’ हे टोमॅटोपुरतं ठीक. दिवसा ३५ अंशांवर ऊन आणि रात्रीही उकाडा असला की त्याचे परागकण निकामी होतात, फुलं गळतात. कोथिंबीरही लवकर फुलावर येते. पण गवार, भेंडी, चवळी ही उन्हाळ्यातही येणारी पिकं आहेत. तांदुळजा तर उष्णतेतच जोम धरतो. आणि घोळ! पाण्याचा ताण पडला की ती पानांची छिद्रं दिवसा मिटून घेते आणि रात्री उघडून कर्बवायू साठवते. इतकी काटक भाजी आपण तण म्हणून उपटून फेकतो.

रोज दोनदा पाणी गच्चीवरच्या लहान कुंडीला लागेलही. जमिनीतल्या वाफ्याला ते घातकच, कारण वाफसा, म्हणजे माती ओलसर पण हवा खेळती राहण्याची स्थिती, येतच नाही आणि मुळं कुजतात. भर दुपारी भोपळा, काकडी माना टाकतात ते बहुधा मुळं उचलतात त्याहून जास्त पाणी पानांतून उडतं म्हणून; संध्याकाळी वेल सावरतो. सकाळीही मलूल दिसला, तर बोट दोन पेरं मातीत खुपसून बघा. कोरडं लागलं तरच पाणी द्या. वेलींसाठी मटका उत्तम: रंग न दिलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरून झाकायचं. माती सुकेल तसं ते झिरपतं, ओल असेल तर झिरपणं मंदावतं. भोवती उसाच्या पाचटाचं आच्छादन हवंच.

थेंबांचं भिंग हंगेरीतल्या संशोधकांनी २०१० साली तपासलं. गुळगुळीत पानं भाजली नाहीत. थेंब पानापासून उचलून धरणारी लव असेल तरच डाग पडू शकतात. दुपारी पाणी जास्त उडून जातं, एवढंच. माती कोरडी पडून रोप कोमेजलं असेल तर भर दुपारीसुद्धा द्या, फक्त पाइपात तापलेलं पाणी आधी बादलीत काढून निवू द्या.