अंबाबाई की महालक्ष्मी? आधी मूर्तीच्या हातात काय आहे ते बघा

नवरात्र तोंडावर आलं की कोल्हापुरात देवीच्या नावाचा हा वाद नव्या दमानं सुरू होतो. एक बाजू म्हणते, ‘महालक्ष्मी म्हणू नका, आमची अंबाबाई म्हणजे आदिशक्ती, विष्णूची बायको नव्हे.’ ‘महालक्ष्मी’च म्हणणारी दुसरी बाजू पुराणं काढून बसते. तिरुपतीहून, म्हणजे विष्णुरूप बालाजीकडून, देवीला शालू आला की आणखी फोडणी पडते. गंमत म्हणजे दोन्हीकडची मंडळी मुंबईला जाताना महालक्ष्मी एक्सप्रेसच पकडतात आणि परत आल्यावर रिक्षावाल्याला ‘अंबाबाईच्या देवळाकडं घे’ असंच सांगतात.

माझं मत स्पष्ट आहे. दोन्ही नावं बरोबर आहेत. चुकतंय ते ‘महालक्ष्मी’ या नावाला चिकटवलेलं चित्र आणि त्या चित्राबरोबर घरात आलेली पूजा.

मूर्तीच्या खालच्या उजव्या हातात म्हाळुंग (लिंबाच्या जातीचं मोठं फळ) आहे, वरच्या उजव्या हातात गदा, वरच्या डाव्या हातात ढाल आणि खालच्या डाव्या हातात पानपात्र, म्हणजे पिण्याचं भांडं. पाठीशी सिंह आहे. कमळ नाही, दोन बाजूंनी पाणी घालणारे हत्ती नाहीत, तळहातातून पडणाऱ्या मोहरा तर नाहीतच. आता दुर्गासप्तशती या देवीच्या पोथीच्या शेवटी जोडलेलं ‘प्राधानिक रहस्य’ हे प्रकरण उघडा: ‘मातुलिङ्गं गदां खेटं पानपात्रं च बिभ्रती’. मातुलिंग म्हणजे म्हाळुंग, खेट म्हणजे ढाल. मूर्तीशी तंतोतंत जुळणारं हे वर्णन ज्या देवीचं आहे तिचं नाव तिथं महालक्ष्मी असंच दिलंय. म्हणजे ‘महालक्ष्मी’ हे नाव कुणी मागाहून घुसडलं, हा आरोप टिकत नाही. देवीभागवतही ‘कोलापुरं महास्थानं यत्र लक्ष्मीः सदा स्थिता’ असंच म्हणतं.

पण ही महालक्ष्मी म्हणजे विष्णुपत्नी, हेही त्याच रहस्यात टिकत नाही. तिथला क्रम नीट वाचा. महालक्ष्मी सगळ्यांच्या आधीची, त्रिगुणा, म्हणजे सत्त्व, रज, तम तिन्ही गुण असलेली. तिच्यातून महाकाली आणि महासरस्वती झाल्या. मग तिघींनी एकेक जोडी निर्माण केली: महालक्ष्मीनं ब्रह्मा आणि श्री, महाकालीनं रुद्र आणि त्रयी, महासरस्वतीनं विष्णू आणि गौरी. त्यानंतर महालक्ष्मीनं त्रयी ब्रह्म्याला, गौरी रुद्राला आणि श्री विष्णूला दिली. विष्णूची पत्नी ती ही श्री, म्हणजे महालक्ष्मीची लेक! आपल्या देवळातही मधे ती आणि दोन बाजूंना महाकाली, महासरस्वती अशीच मांडणी आहे. दर्शनाच्या रांगेत तासभर उभं राहून आपण ती बघतो आणि बाहेर येऊन भांडतो.

खरा घोळ आहे तो एकाच नावाखाली चार वेगळ्या पूजा चालतात त्याचा. दिवाळीतलं लक्ष्मीपूजन. मार्गशीर्षातल्या गुरुवारचा घट. मराठवाडा-विदर्भात भाद्रपदात बसतात त्या महालक्ष्म्या, म्हणजे आपल्याकडच्या गौरी. आणि करवीरनिवासिनी, म्हणजे करवीरात, कोल्हापुरात राहणारी आपली अंबाबाई. यातल्या कुठल्याही पूजेसाठी दुकानात ‘महालक्ष्मीची नामावली’ मागितली की बहुतेक वेळा एकच पुस्तिका हातात पडते, ‘प्रकृत्यै नमः, विकृत्यै नमः’नं सुरू होणारी 108 नावांची. ती वाईट नाही. तिच्यात ‘ब्रह्मविष्णुशिवात्मिकायै’ही आहे. पण ‘विष्णुपत्न्यै’, ‘विष्णुवक्षःस्थलस्थितायै’ही आहे. मार्गशीर्षाच्या घटाला ती चपखल बसते. करवीरनिवासिनी कुलस्वामिनी असलेल्या घरी मात्र मी ललितासहस्रनाम, म्हणजे ललितादेवीच्या हजार नावांचं स्तोत्र, सुचवेन. त्यात ओळीनं नावं येतात ती अशी: माहेश्वरी, महादेवी, महालक्ष्मी, मृडप्रिया. मृड म्हणजे शिव. महालक्ष्मी हे नाव शिवाच्या प्रियेच्या शेजारी बसलंय आणि तिथं कुणाला खटकत नाही.

घरी कुंकुमार्चन करणाऱ्यांसाठी, म्हणजे एकेक नाव घेत देवीला कुंकू वाहणाऱ्यांसाठी, थोडं कामाचं. स्तोत्र म्हणणं वेगळं आणि नामावली म्हणणं वेगळं. अर्चनात प्रत्येक नाव सुटं करून, चतुर्थी विभक्तीचा प्रत्यय लावून, पुढं ‘नमः’ म्हणायचं. गडबड होते ती इथंच. ललितासहस्रनामातलं पहिलंच नाव घ्या. ‘श्रीमाता’ आकारान्त दिसतं म्हणून लोक ‘श्रीमातायै’ म्हणतात. मूळ शब्द मातृ, म्हणून ‘श्रीमात्रे नमः’. पुढचं ‘श्रीमहाराज्ञ्यै’. ‘महालक्ष्मै’ हा सर्रास ऐकू येणारा उच्चार य गिळतो, ‘महालक्ष्म्यै’ हवं. श्लोकात ‘महालक्ष्मीर्मृडप्रिया’ असं जोडलेलं आहे, पण त्यातला र् संधीमुळं आलेला आहे, नामावलीत तो ठेवायचा नाही: ‘मृडप्रियायै’. आणि नाव लांब आहे म्हणून तोडू नका. ‘निजारुणप्रभापूरमज्जद्ब्रह्माण्डमण्डला’ हा अख्खा अर्धा श्लोक म्हणजे एकच नाव. मधे तोडलं की शेवटी नावं हजारावर जातात आणि मग मोजणाऱ्या काकू आणि वाचणाऱ्या काकू यांच्यात जुंपते.

‘अंबाबाई’ला संस्कृत प्रत्यय लावायचा खटाटोप तर नकोच. ‘अंबाबाय्यै’ असं काही नसतं. अर्चनात ‘अम्बिकायै’ म्हणा, आरतीनंतर ‘अंबाबाईचा उदो उदो’ म्हणा. दोन्ही आपापल्या जागी शोभतात.

कुंकू अंगठा, मधलं बोट आणि अनामिका यांच्या चिमटीत घ्यायचं, तर्जनी लावायची नाही. चिमूट लहान ठेवली तर 1000 नावांना 100 ते 125 ग्रॅम पुरतं. वेळ पाऊण ते एक तास. पहिल्या पन्नास नावांत मूठ मोकळी सोडणाऱ्यांचं कुंकू सातशेच्या आसपास संपतं. टाक (देवीची प्रतिमा उठवलेला धातूचा पत्रा) किंवा मूर्ती अभिषेकानंतर कोरडी पुसा, ओल राहिली तर कुंकवाचा चिखल होऊन कोरीव कामात बसतो. पंखा बंद. कुंकू हळदीचं आहे का हे बघायचं तर त्यावर लिंबू पिळा. हळदीचं असेल तर पिवळटपणाकडं वळतं, निव्वळ रंग असेल तर लाल तो लालच राहतो. अर्चनाचं कुंकू रोज कपाळी लावणार असाल तर ही परीक्षा आधी करा.

हीच गोष्ट गावातल्या बाकीच्या देवींची. टेंबलाई म्हणजे त्र्यंबोली, फिरंगाई म्हणजे प्रियांगी. फलकावर संस्कृत नाव लिहायला हरकत नाही, पण त्यासाठी जुनं नाव पुसायचं कशाला? ललितापंचमीला कोहळा फोडायला निघालेल्या माणसाला विचारा कुठं चाललास, तो टेंबलाईच म्हणणार.

तिरुपतीच्या शालूचंही तेच. लेकीच्या सासरहून आईला साडी आली असं समजा आणि घ्या की! वाद घालायचाच असेल तर छापील फोटोंवर घाला. कमळावर बसलेली, मोहरा सांडणारी देवी आणि खाली ‘करवीरनिवासिनी’ अशी अक्षरं, असे फोटो महाद्वार रोडवरून घेताना निदान हातातलं म्हाळुंग तपासा. आणि घरच्या संकल्पात कुठलं नाव घ्यायचं असा प्रश्न पडला तर गुरुजींच्या आधी सासूबाईंना विचारा. घरच्या कुळाचारात जे नाव चालत आलंय ते घ्या, त्यापुढं ‘करवीरनिवासिनी’ जोडा. गोंधळी नाही का, देवाला बोलावताना गावासकट नाव घेतात.